अमिश लोकांची 'टूर': कुणाला खटकते का?

फिरस्ता_न्यूजर्सी: भारतातून आई-बाबा आले की इथली मराठी मंडळी त्यांना पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला अमिश (जुन्या, साध्या राहणीचा ख्रिस्ती पंथ, अजून घोडागाडीतून फिरणारा) बघायला नेतातच. आम्हीही नेलं. रूट ३० वरचं 'अमिश फार्म अँड हाऊस' १९५५ पासून पर्यटकांसाठी खुलं आहे. खुंट्यांवर काळे कोट, बायकांचे झगे. गाईड सांगते, झग्याला बटणं नसतात, टाचण्या लावतात. सगळे 'अय्या!' घरात राहणारं मात्र कुणीच नाही. शेजारी टार्गेटचं भलंमोठं दुकान. फोटो काढलेले त्यांना आवडत नाहीत हे गाईडकडून ऐकायचं आणि बाहेर घोडागाडी दिसली की मोबाइल काढायचा! जित्याजागत्या माणसांचं म्युझियम कशाला?

चहाबाज: ते घर नसतं तर हीच गर्दी खऱ्या अमिश अंगणात घुसली असती. शिवाय रस्त्याकडेला गोधड्या, मुरंबे, शू-फ्लाय पाय (काकवीचा गोड पाय) विकतात ते अमिशच. घरटी सहा-सात मुलं, जमिनीचे भाव गगनाला भिडलेले. सगळ्यांना शेती कुठून पुरणार? रविवारी मात्र विक्री बंद म्हणजे बंद, गिऱ्हाईक कितीही असो.

फिरस्ता_न्यूजर्सी: पोट भरतं म्हणून दाखवलेलं खरं ठरत नाही. 'तीनशे वर्षं मागे राहिलेले लोक' ही शुद्ध थाप आहे. विजेची तार घरात न घेणारे हेच लोक सोलर पॅनल वापरतात, कारखान्यातली यंत्रं हवेच्या दाबावर चालवतात. काय घ्यायचं, काय नाही, हे त्या त्या भागातली मंडळी एकत्र बसून ठरवतात. खरी बघण्यासारखी गोष्ट ती. आमच्या टूरमध्ये ती दोन मिनिटांत उरकली.

बर्लिनकर: मग ओहायोत बर्लिनला या. तिथल्या अमिश अँड मेनोनाइट (अमिशांचा भाऊबंद पंथ) हेरिटेज सेंटरमध्ये हाइन्झ गाउगेलने रंगवलेलं २६५ फुटी गोलाकार चित्र आहे, 'बेहाल्ट'. १५२५ चा झ्युरिकमधला प्रौढांचा बाप्तिस्मा (या पंथांची सुरुवात तिथली), नंतरचा छळ, १६९३ ची याकोब अम्मानची फूट (अमिश वेगळे झाले ते तेव्हा), अमेरिकेची वाट, सगळं त्यात आहे. टोप्या-टाचण्यांचं कौतुक त्यानंतर करा.

चहाबाज: उत्तम, पण लहान पोरं घेऊन आलेला बाप तिथे किती वेळ थांबणार? त्यांना बकऱ्या हव्यात.

फिरस्ता_न्यूजर्सी: बकऱ्या दाखवा की. पण २००६ मध्ये लँकेस्टरजवळच्याच निकेल माइन्सच्या अमिश शाळेत गोळीबारात पाच मुली गेल्या, तेव्हा दहा दिवसांत ती शाळाच पाडली गेली. बघ्यांना बघायला इमारत ठेवली नाही.

चहाबाज: म्हणजे नको ते बंद करणं त्यांना जमतं. मग स्टॉल चालू आहेत ते त्यांच्याच मर्जीने ना? तुम्ही कशाला त्यांचं वकीलपत्र घेताय?

फिरस्ता_न्यूजर्सी: स्टॉल त्यांचे आहेत, त्याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. तिकीट लावून दाखवतात ते घर त्यांचं नाही. धागा त्या घराबद्दल आहे.