अभ्यासापासून दुरावलेल्या नववीच्या मुलांसाठी खेळाचा उपयोग कसा करावा?

वर्गशिक्षिका_नववी:
आमच्या तालुक्याच्या गावातील शाळेत नववीची काही मुले केवळ हजेरीपुरती वर्गात बसतात. वही उघडत नाहीत आणि प्रश्न विचारला की मान खाली घालतात. हीच मुले मैदानावर मात्र फक्की टाकून खो-खोचे क्रीडांगण स्वतः आखतात आणि आपापसातले वादही मिटवतात. दहावी तोंडावर आलेली असताना खेळाला जास्त वेळ देणे परवडणार नाही, असे मुख्याध्यापकांचे म्हणणे आहे. सवलतीचे गुण मिळण्यापलीकडे खेळाचा उपयोग त्यांना दिसत नाही. कोणी या दिशेने प्रत्यक्ष काम केले असल्यास कृपया पद्धत सांगावी.

खोखो_पंच:
मॅडम, नुसते खेळवल्याने अभ्यास येत नाही. पुष्कळदा मुले दमून पुढच्या तासाला पेंगतात. मी गुणलेखकाचे काम मुद्दाम अशाच मुलांकडे सोपवतो. खो-खोच्या नोंदीत एखाद्या संरक्षकाची वेळ 2.50 लिहिलेली असेल, तर ती 2 मिनिटे 50 सेकंद असते. तिच्यात दुसऱ्याची 1.20 मिळवली की 4.10 होतात, 3.70 नव्हे. गणिताच्या तासाला गप्प बसणारा मुलगा इथे साठाचा हातचा बिनचूक धरतो, कारण बेरीज चुकली तर दोन्ही संघ त्याच्यापुढे जाब विचारायला उभे राहतात. पुढे गणिताच्या शिक्षकांनी तोच तक्ता फळ्यावर काढावा आणि साध्या दशांश अपूर्णांकाच्या बेरजेत व या बेरजेत फरक का पडतो, हे त्या मुलालाच समजावून सांगायला लावावे. शिक्षकांची तयारी नसेल, तर मात्र हा सारा खटाटोप मैदानावरच संपतो.

नागपूरकर:
वरील मताशी सहमत आहे. विजय बारसे यांनी 2001 मध्ये नागपुरात सुरू केलेल्या स्लम सॉकर या संस्थेचे वस्त्यांमधील मुलांसाठीचे काम आपण अवश्य पाहावे. कोलंबियातील मेडेयीन शहराचा दाखलाही उपयोगी पडेल. आंद्रेस एस्कोबार या फुटबॉलपटूची 1994 मध्ये तिथे हत्या झाल्यानंतर, हिंसेकडे ओढल्या जाणाऱ्या तरुणांसाठी मुलामुलींच्या मिश्र संघांचा फुटबॉल सुरू झाला आणि संघाचा पहिला गोल मुलीनेच करावा, असा नियम ठेवला गेला. त्यातून पुढे आलेल्या पद्धतीत सामन्याचे तीन भाग असतात: आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात आणि शेवटी नियम कितपत पाळले गेले यावर बोलून एकमेकांना गुण देतात. पंच नसतो, मध्यस्थ असतो. वर्गात तोंड न उघडणारी मुले या तिसऱ्या भागात बोलू लागतात, कारण विषय त्यांच्या माहितीचा असतो.

एक_पालक:
एक विनंती आहे. चाचणीत गुण कमी पडले म्हणून मुलाला संघाबाहेर ठेवू नये. त्याला शाळेत आणणारी तेवढीच एक गोष्ट असू शकते. उपस्थितीची अट जरूर घालावी. आणि आपण केवळ मुलांविषयी लिहिले आहे. मुलींना शाळा सुटल्यावर मैदानावर थांबू दिले जात नाही, म्हणून सराव शाळेच्या वेळातच ठेवावा.

वर्गशिक्षिका_नववी:
सर्वांचे आभार. येत्या शनिवारच्या सकाळच्या सत्रात मुलामुलींचा एक सामना ठेवते आणि गणिताच्या सरांना मैदानावरच बोलावते. पंच साहेब, गुणतक्त्याचा कोरा नमुना इथे टाकता येईल का?

खोखो_पंच:
आज रात्री टाकतो. पहिल्या सामन्याला दोन गुणलेखक बसवा. त्यांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या की चूक कुणाची, हे मुलेच शोधून काढतात.