जुन्या ट्रकच्या इंजिनात काही पडलं तर? आपापले अनुभव लिहा

धागाकर्ता, इचलकरंजी

मागच्या महिन्यात आमच्या टाटाच्या ६९७ इंजिनात व्हॉल्व्हची एक स्प्रिंग तुटली. हेड (सिलिंडरवरचा भाग) न उतरवता बदलायचं ठरलं. त्या सिलिंडरचा पिस्टन पूर्ण वर आणून ठेवला होता, त्यामुळे व्हॉल्व्ह आत पडायची भीती नव्हती. पण स्प्रिंग दाबताना लिव्हर सटकला आणि लॉकची (स्प्रिंगला व्हॉल्व्हवर धरून ठेवतं ते) एक पाकळी उडाली. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) शाफ्टसकट काढलेले, खाली इंजिनात जाणारी पुश रॉडची भोकं उघडी.

अण्णांनी (माझे वडील) आधी बॅटरीची वायर सोडवली. म्हणाले, "ती पाकळी हातात येईपर्यंत क्रँक फिरवायची न्हाई." दोन तास चासी, फरशी, हेडच्या खाचा सगळं चाळलं. शेजारच्या मिस्त्रींचं म्हणणं, चेंबरमध्ये (तळाच्या ऑइलच्या भांड्यात) गेली असेल, ऑइल पंपाच्या जाळीला अडकेल, खुशाल चालू करा. ते अगदीच चूक नव्हते, जाळी त्यासाठीच असते. पण ती चेंबरमध्येच गेली हे कुणी पाहिलं होतं? वाटेत कॅमजवळ अडकली असती तर?

ऑइल फडक्यातून गाळलं, काही नाही. शेवटी चेंबर उतरवला. मागच्या कोपऱ्यात, काळ्या गाळात पाकळी रुतलेली. अर्धा दिवस आणि एक पॅकिंग, एवढ्यावर निभावलं. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. काय पडलं, कुठे गेलं, कसं काढलं, आणि नाही निघालं तर तेही.

ड्रायव्हर, बीड जिल्हा

मी नाही निघालं त्यातला. गाडी कारखान्याच्या ऊस वाहतुकीला होती. इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा नेणारी नळी) पॅकिंग फुटलं म्हणून रात्री एका गॅरेजला लावली. बसवताना एक नट कमी भरला. कारागीर म्हणाला, "खाली मातीत पडला असंल," आणि दुसरा लावला. मी झोपेत होतो, बोललो नाही. सेल्फ मारला आणि आतून जो ठोका आला तो अजून कानात आहे.

डिझेलचा पिस्टन वर आला की त्याच्या कडेला आणि हेडमध्ये जेमतेम १ मिमी जागा राहते. १३ च्या पान्याचा नट साडेसहा मिमी जाड. पिस्टनला खड्डा, इनटेक व्हॉल्व्ह वाकडा, हेडला घाव. भर हंगामात गाडी १७ दिवस उभी राहिली, तोडीची टोळी दुसऱ्या गाडीवर गेली. त्या पोरावर राग नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

नोझल-पंपाचं काम करणारा, कराड

आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो तो नोझलखालचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) तांब्याचा वॉशर. नोझल निघतं, वॉशर खाली चिकटून राहतो, कुणी बघत नाही आणि वरून नवा टाकतात. मग नोझल वॉशरच्या जाडीइतकं वर बसतं, फवारा चुकतो, गाडी धूर मारते आणि दोष पंपाला देतात.

तांबं, पितळ, ॲल्युमिनियम चुंबकाला धरत नाही. सुटा असेल तर काठीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून दाबायचा, वर येतो. चिकटला असेल तर जुनी निमुळती गोल कानस वॉशरच्या भोकात हलक्या हाताने बसवून किंचित पिळायची. ठोकायचं नाही, निमूट ओढायचं.

निवृत्त फौजी मेकॅनिक, सातारा

आम्ही जबलपूरच्या शक्तिमानवर हात बसवला. टॅपेट (व्हॉल्व्ह-रॉकरमधली फट) सेट करताना माझ्या हातून फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पात्यांतली, एक पाती तुटली आणि टोक दिसेना. उस्तादांनी काम थांबवलं, गाडीखाली पांढरी चादर अंथरली आणि उरलेला तुकडा माझ्या हातात दिला. म्हणाले, पूर्ण पातीच्या लांबीतून हा वजा कर, म्हणजे किती मोठा तुकडा शोधतोयस ते कळेल. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन तो रॉकरच्या पायाशी सापडला. नखाएवढा होता. नुसतं "कुठे गेलं" म्हणून शोधणं आणि माप घेऊन शोधणं यात फार फरक आहे.

जालना

काका लोकहो, आमची गाडी आत्ता उघडी आहे. मॅनिफोल्डचा नट तिसऱ्या सिलिंडरच्या पोर्टमध्ये (हेडमधल्या हवेच्या वाटेत) गेलाय. सेल्फ मारलेला नाही. चुंबक घातला की तो पोर्टच्या भिंतीलाच चिकटतो. हेड उतरवावं लागेल का?

गॅरेजवाला, कळंबोली

थांब भावा, घाई करू नको. आधी उरलेल्या पाच पोर्टमध्ये स्वच्छ फडकी कोंब, हीच वेळ असते दुसरा नट पडायची. मग टॅपेट कव्हर काढ. तिसऱ्याच्या इनटेकचा रॉकर हाताने हलतो का बघ. खटखट हलला तर व्हॉल्व्ह बंद आहे आणि नट त्याच्या पाठीवर बसलाय. घट्ट दबलेला असेल तर व्हॉल्व्ह उघडा, नट सिलिंडरमध्ये गेलेला असू शकतो. नोझलच्या भोकातून तो निघणार नाही, तेव्हा मात्र हेड उतरवायचंच.

व्हॉल्व्ह बंद असेल तर वाकणाऱ्या मानेचा चुंबक घे. त्यावर प्लॅस्टिकची नळी चढव, फक्त टोक उघडं ठेव, म्हणजे भिंत पकडणार नाही. नळी नसेल तर बाजूने इन्सुलेशन टेप गुंडाळ. नट दिसला की ओढायची घाई नको, चुंबक पूर्ण बसू दे. हवा अजिबात मारू नको, नट कुठे जाईल सांगता येत नाही. निघाल्यावर सेल्फच्या आधी पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरव. कुठे अडलं तर तिथेच थांब आणि इथे लिही.

जालना

रॉकर हलला. नळीची युक्ती चालली, चौथ्या वेळी नट वर आला. त्याच्यासोबत कड घासलेला एक जुना वॉशरही आला. तो आमचा नाही, गाडी घेतली तेव्हापासून आत असावा. हाताने दोन फेरे मारले, कुठे अडलं नाही. तरी आता एकेक फडकं काढून बाकीचे पाचही पोर्ट टॉर्चने बघतोय.