मदत हवी आहे: बोटं बधिर झालीयेत, परवा घाट आहे

माणिकमोती:
लवकर सांगा कुणीतरी. आज सायकल टूरचा आठवा दिवस. बोटांना मुंग्या आहेत, आज सकाळी ब्रशवर पेस्ट पिळता येईना, शेवटी डाव्या हाताने पिळली. बसायची जागा सोलवटलीये. परवा घाट आहे, चालवू का व्हॅनमध्ये बसू? वर्षभर पहाटे साडेचारला उठून तयारी केलीये हो, व्हॅनमध्ये बसायला नाही आले. आणि मी कायम सगळ्यात शेवटी असते.

घाटमाथा:
ताई कुठला घाट? कुठल्या देशात आहात? सायकल स्वतःची की भाड्याची? कुठली बोटं, ते आधी सांगा.

जुनी_हर्क्युलिस:
सीट बदला. लेदरची घ्या, ब्रूक्सची. मी दहा वर्षं तीच वापरतोय, कधी त्रास नाही.

घाटमाथा:
हर्क्युलिस काका, नवी लेदर सीट अंगाला बसायला कित्येक दिवस जातात, आधीच सोलवटलेल्या माणसाला ती कशी द्यायची? घरी असताना सांगायचा सल्ला आहे हा.

जुनी_हर्क्युलिस:
मला पहिल्या दिवसापासून बसली. अनुभव सांगतोय.

माणिकमोती:
सॉरी, घाईत लिहिलं. व्हिएतनाम. हनोईहून निघालो, आज ह्यूला पोचलो, हो ची मिन्ह सिटीपर्यंत जायचंय. चौदा जण. सायकल भाड्याची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, उजव्या हाताचं. उद्या लांग को, परवा हाय वान.

फिजिओताई:
करंगळी आणि अनामिका म्हणजे तळहाताच्या कडेने जाणारी अल्नर नस दबतेय. हॅन्डलवर भार टाकून मनगट मागे वाकवून चालवलं की होतं. सीटचं नाक खाली झुकलंय का बघा, झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळं वजन हातांवर येतं. मोबाईल सीटवर ठेवून लेव्हलच्या अॅपने बघा. हॅन्डल थोडं वर घ्या, दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला. आणि एक करा, अंगठा आणि तर्जनीत कागद धरा नि कुणाला तरी ओढायला सांगा. सहज निसटला तर घाट विसरा, डॉक्टरकडे जा.

ठाणेकर_पंक्चर:
हाय वान मी केलाय. साधारण ५०० मीटर उंची, चढ दहाएक किलोमीटर, कसाऱ्याची सवय असेल तर जमेल. २००५ मध्ये बोगदा झाल्यापासून बहुतेक ट्रक तिकडून जातात, वर मुख्यतः टँकर आणि मोटरसायकली भेटतात. तिकडे उजवीकडून चालवायचं असतं, वळणावर आपल्या सवयीने डावीकडे जाऊ नका. माथ्यावर जुनी वेस आहे. उसाचा रस मिळाला तर प्या, कुमक्वाट नावाचं छोटं लिंबू पिळतात त्यात.

डोंबिवली_लोकल:
शाकाहारी काय मिळतं तिकडे?

ठाणेकर_पंक्चर:
'चाय' लिहिलेली पाटी शोधा, स्पेलिंग सीएचएवाय. चहा नाही, शाकाहारी.

घाटमाथा:
विषय बोटांचा चाललाय. ताई, पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर घालताय का? शिवण घासते तिची. काढा, पोचल्या पोचल्या अंघोळ, कोरडं करा, रात्री सैल कपडे, सकाळी व्हॅसलीन. आणि 'कायम शेवटी' म्हणजे नेमकं काय होतं?

माणिकमोती:
कागद घट्ट धरला, नाही निसटला. नाक खरंच खाली होतं, मेकॅनिककडून सरळ करून घेतलं. शेवटी म्हणजे, सगळे वीस मिनिटं आधी ब्रेकला पोचतात, केळी खातात, पाय पसरतात, मी पोचले की लीडर म्हणतो चला. मला ब्रेक मिळतच नाही. आठ दिवस बाटली भरायलासुद्धा पळते मी.

घाटमाथा:
मग तुमचा निम्मा थकवा इथेच आहे! लीडरला आज रात्रीच सांगा, ब्रेकचं घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू होतं. आमच्या ग्रुपात हा नियमच आहे. नाहीतर जो सगळ्यात दमलेला, त्यालाच विश्रांती नाही. घाटाच्या दिवशी तुम्ही तासभर आधी निघा, एकजण सोबत द्या म्हणावं.

सह्यवारा:
तीन महिने आधी प्लँक आणि स्क्वॉट्स केले असते तर ही वेळच आली नसती.

फिजिओताई:
त्या आज ह्यूमध्ये आहेत. आता काय करायचं ते सांगा.

माणिकमोती:
दोन दिवसांनी लिहितेय, माथ्यावरून. पहाटे पाचला निघालो, सोबत एक काका. बाकीचे शेवटच्या वळणावर गाठायला आले. लीडरशी बोलले, काल पहिल्यांदा बसून केळं खाल्लं. पेस्ट आज उजव्या हाताने पिळली, करंगळी अजून बधिर आहे. उतारावर ब्रेक दाबून हात दुखतील का, आता तेवढं सांगा.

ठाणेकर_पंक्चर:
सतत दाबून धरू नका. वळणाच्या आधी दाबा, मग सोडा. मध्ये दोनदा थांबून हात झटका.

डोंबिवली_लोकल:
ई-व्हिसा किती दिवसांचा मिळतो?