भाजीचे भाव छापून वर्तमानपत्र मोठं होतं का?

शनिवारपेठी
'सकाळ'चा इतिहास निघाला की जो तो त्याचे संस्थापक नानासाहेब परुळेकर यांचे गोडवे गातो. मला ते पटत नाही. मराठीत वर्तमानपत्र म्हणजे मतपत्र, मत मांडणारं पत्र होतं. 'केसरी'तल्या लेखांपायी टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. मग १९३२ ला 'सकाळ' आला आणि बाजारभाव, नळाचं पाणी, सभांच्या वेळा यांनी पानं भरायला लागली. वाचकाचं गिऱ्हाईक तिथून झालं.

ओतूरकर
हे वाचल्यापासून डोकं भणभणतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

'सकाळ'चा पहिला अंक निघाला १ जानेवारी १९३२ ला. ४ जानेवारीला गांधीजींना अटक झाली. अशा दिवसांत आज काय झालं ते उद्या सकाळी कळणं ही चैन नव्हती, गरज होती. 'केसरी' तेव्हा आठवड्यातून दोनदाच निघायचा, आणि तोही १९२९ पासून. दैनिक व्हायला त्याला १९६२ उजाडलं. मग पुणेकराने रोजच्या बातमीसाठी जायचं कुठे?

आता बाजारभावाचं. माझे वडील, तात्या, पुणे जिल्ह्यातल्या ओतूरला, पुण्याच्या एका दैनिकाचे बातमीदार होते. मुख्य धंदा शिवणकामाचा. बातमी कागदावर लिहायची, पाकिटात घालायची आणि एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात द्यायची. सकाळी पेपरचा गठ्ठा स्टँडवर उतरला की सुतळी तोडायच्या आधी माणसं गोळा व्हायची. वाचता न येणारा शेतकरी शेजारच्याला विचारायचा, "कांद्याचं काय म्हणतोय?" तो आकडा कानात ठेवून तो व्यापाऱ्यासमोर उभा राहायचा. पेपरात छापलंय म्हटल्यावर व्यापारी मनाला येईल तो भाव सांगू शकत नव्हता. याला तुम्ही गिऱ्हाईक करणं म्हणता? आमच्याकडे याला आधार म्हणायचे.

शनिवारपेठी
तात्यांबद्दल आदर आहे. पण एका गावच्या आठवणीवर इतिहास ठरत नाही. 'केसरी'ने सुरुवातीलाच वर्तमानपत्राला रस्त्यावरच्या दिव्यांची आणि रात्रीच्या गस्तीची उपमा दिली होती. लोकांची काळजी परुळेकरांच्या आधी कुणाला नव्हती, असं भासवू नका.

ओतूरकर
तिथे दिवा उपमेपुरता होता. परुळेकरांच्या पद्धतीत आळीतला बंद दिवाच बातमी झाला. मी एवढंच म्हणतोय.

जुना वाचक, नाशिक
दोघंही 'ज्ञानप्रकाश' विसरलात. १८४९ ला पुण्यातच सुरू झालेला, १९०४ पासून दैनिक. 'सकाळ' निघाला तेव्हा चालू होता, १९५१ ला बंद पडला. त्यामुळे "जायचं कुठे" हा ओतूरकरांचा प्रश्न जरा जास्तच झाला.

ओतूरकर
बरोबर आहे, तेवढं मागे घेतो. पण शंभर वर्षं चाललेलं पत्र बंद का पडतं, याचाही विचार करा. पत्र गंभीर असलं म्हणून आपोआप टिकत नाही.

माळावरचा
तुमचा मतपत्राचा सुवर्णकाळ नेमका कुणाचा होता? 'केसरी'च्या चार वर्षं आधी, १८७७ ला, सत्यशोधक चळवळीतल्या कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' काढला. शाळेत त्याचं नाव कानावर आलं नाही. १९२० ला 'मूकनायक' निघताना 'केसरी'ने पैसे घेऊनसुद्धा जाहिरात छापायला नकार दिला. बाबासाहेबांनीच ते लिहून ठेवलंय. आणि मत असलं की झालं, असंही नाही. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक, त्यांनाही मत पटेना तेव्हा बाहेर पडून १८८८ ला 'सुधारक' काढावा लागला.

शनिवारपेठी
प्रत्येक धाग्यात हेच आणायचं का? विषय 'सकाळ'चा आहे.

माळावरचा
विषय तुम्ही मतपत्राच्या थोरवीने सुरू केलात. त्या थोरवीत माझ्या आजोबांना जागा नव्हती, हे मी सांगणारच. आणि ओतूरकर, तुमच्या बातमीपत्रालाही विचारतो. गावकुसाबाहेरचा बंद दिवा कितीदा छापून आला?

ओतूरकर
कमी वेळा. तात्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत. जत्रा, सोसायटीची निवडणूक, बिबट्या यांनी भरल्यात. वस्तीच्या विहिरीबद्दल दोनच बातम्या सापडल्या. नाकारत नाही.

रात्रपाळी
मी वीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या संपादून पानं लावण्यात काढली. मत की बातमी, या भांडणात खरा घाव राहून जातोय. वर्तमानपत्राचं वाटोळं जिल्हा आवृत्त्यांनी केलं. पूर्वी डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारी, आणि शहर आवृत्ती असायची. डाकेचं पान लवकर सोडायचं, कारण गाडी गाठायची असायची. पण त्या एका अंकात चार-पाच जिल्ह्यांच्या बातम्या असत. मग प्रत्येक जिल्ह्याचं पान वेगळं झालं, पुढे तालुक्याचंही. शेजारच्या जिल्ह्यात काय चाललंय ते कळेनासं झालं.

जुना वाचक, नाशिक
दुसरी बाजूही बघा. १९८२ ला 'लोकमत'ची आवृत्ती औरंगाबादला निघाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अंकात ज्यांना ओळीपुरतीही जागा नव्हती अशा गावांची नावं पहिल्यांदा छापली गेली.

रात्रपाळी
छापली गेली, पण वाचली कुणी? त्याच गावाने. आणि मराठवाड्याचा आवाज मुंबईपर्यंत नेणारा, अनंत भालेरावांनी वाढवलेला दैनिक 'मराठवाडा' या शर्यतीत टिकला नाही.

जुना वाचक, नाशिक
त्याची कारणं अनेक होती. सगळं आवृत्त्यांच्या माथी मारू नका.

खिळेजुळारी
आणि शुद्धलेखन? आम्ही एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उचलून स्टिकमध्ये, ओळ जुळवायच्या पट्टीत बसवायचो. मजकूर उलटा वाचायची सवय होती. जुळवलेल्या मजकुराचं कच्चं प्रूफ निघालं की मुद्रितशोधक एका वेलांटीसाठी खाली यायचा. आता ती जागाच काढून टाकलीय. मोठ्या मथळ्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की मला अंक पुढे वाचवत नाही.

ओतूरकर
रात्रपाळी, तुमच्या मुद्द्यावर मला बोलायलाच हवं.

तात्या गेले तेव्हा निधनवार्ता आली, फोटोसह. ज्या पेपरासाठी त्यांनी आयुष्यभर लिहिलं त्याचंच नाव मी घेणार नाही. ती आली फक्त आमच्या भागाच्या पानावर. तात्यांची निम्मी ऊठबस संगमनेरला. आळेफाट्यावरून किती लांब आहे हो संगमनेर? पण जिल्हा वेगळा, म्हणून पान वेगळं. तिथे कुणाला कळलंच नाही. पंधराव्या दिवशी त्यांचे एक मित्र एस.टी.ने आले, हातात खव्याचा पुडा. ओट्यावर टेकले आणि आईला म्हणाले, "वहिनी, तात्या आहेत का घरात?" आईला उत्तर देता येईना. मीच बाहेर आलो. ते तो पुडा मांडीवर धरून कितीतरी वेळ बसून होते.

रात्रपाळी
अशी पानं मीच लावत होतो. वाईट वाटलं.

शनिवारपेठी
ओतूरकर, हे वाचून गप्प झालो. 'केसरी' तेव्हा दैनिक नव्हता, हे मान्य. छापील भावाने शेतकऱ्याला बळ मिळालं, हेही मान्य करतो, मनाविरुद्ध. पण जिल्हा आवृत्त्या आल्या कुठून? "वाचकाला जवळचं हवं" या परुळेकरांच्याच सूत्रातून. ते ताणत ताणत गल्लीपर्यंत आणलं. तेव्हा माझा मूळ मुद्दा मी सोडलेला नाही.

ओतूरकर
त्यांचं जवळचं आणि आताचं जवळचं एक नाही. त्यांच्या अंकात ओतूरची बातमी पुण्यातला माणूस वाचायचा. आता ओतूरची बातमी ओतूरलाच परत येते. हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर पुढे काय बोलणार?

माळावरचा
ओतूरकर, त्या वह्यांमधल्या विहिरीच्या दोन बातम्या टंकून इथे टाका. तारखांसकट.

ओतूरकर
रविवारी टाकतो. शाई फिकट झालीय, दिवसाउजेडीच वाचावी लागेल.