गोल्फमधला स्लाइस जाईना? आधी डावा हात बघा

चेंडू सारखा उजवीकडे वळतो (हाच स्लाइस) म्हणून खांदे-कंबर सगळंच बदलायला निघालात, त्याआधी पकड तपासा. (उजव्या हाताने खेळता असं धरून चालतो.) क्लब (गोल्फची काठी) तळव्यात बसला की मनगट अडतं आणि फटक्याच्या क्षणी क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा भाग) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहतो. क्लब बोटांच्या मुळाशी घ्या. वरून पाहिल्यावर डाव्या मुठीचे दोन-तीन सांधे दिसायला हवेत. अंगठा-तर्जनीमधली खाच उजव्या खांद्याकडे. दिग्गज गोल्फर बेन होगनची नक्कल मात्र नको! त्याला छळायचा तो हूक (डावीकडे वळणारा फटका), म्हणून त्याने पकड मुद्दाम 'वीक' केली, म्हणजे हात क्लबवर डावीकडे वळवून धरले. तुमचं दुखणं नेमकं उलटं. सुरुवातीला हात परके वाटतील, चेंडू डावीकडेही पळेल. तोवर ड्रायव्हर (सर्वात लांब फटक्याचा क्लब) बॅगेतच राहू दे, सात नंबरच्या आयर्नने (मध्यम पल्ल्याच्या क्लबने) अर्धे स्विंग मारा.