मिदी कालव्याकाठची खडीची वाट डांबरी करावी का?

चाकोरी:
दक्षिण फ्रान्समधल्या कॅनाल द्यू मिदीच्या काठाने मी गेल्या सप्टेंबरात सायकल चालवली. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या 'तो' (Thau) नावाच्या सरोवरापर्यंत, साधारण २४० किमी. परत आल्यापासून सायकलवाल्या मित्रांशी एकच वाद चालू आहे, तो इथे मांडतो. सुरुवातीचे पन्नासेक किमी गुळगुळीत डांबर आहे. पुढे ओद जिल्हा लागला की खडी, माती, आणि कित्येक ठिकाणी गवतातून गेलेली वीतभर रुंदीची रेघ. मित्रांचं म्हणणं, उरलेली वाटही डांबरी करून टाकावी. माझं ठाम मत आहे की करू नये.

डांबरावर मी ताशी २५ च्या वेगाने गेलो आणि त्या पट्ट्यातलं आज मला जवळपास काहीच आठवत नाही. खडीवर वेग आपसूक चौदा-पंधरावर आला आणि डोळे उघडले. मिनेरव्वाच्या पट्ट्यात द्राक्षमळे थेट वाटेला येऊन भिडतात. मांडव नाहीत. जुने वेल गुडघ्याएवढे उंच, खोड मनगटाहून जाड आणि पिळलेलं. तोडणी चालू होती. कुठल्याशा ट्रॉलीतून रस ठिबकत गेला होता, त्याचा काळसर ओला पट्टा वाटेवर पडलेला आणि त्यावर गांधीलमाश्या बसलेल्या. तो रस माझ्या टायरला लागला, त्यावर बारीक खडी चिकटली आणि पुढचा किलोमीटरभर मडगार्डमध्ये करकर ऐकू येत राहिली. मोटारीचा आवाज नाही म्हणून ती करकर ऐकू आली. हे सगळं मला त्या खडीने दिलं.

नीलमोहर:
चाकोरी, वर्णन वाचताना मीही तिथे जाऊन आले. तरीही मी तुमच्या मित्रांच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण माझी आई.

आम्ही गेलो तेव्हा आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. मोटारींच्या रस्त्यावर ती सायकल काढूच शकत नाही, धसकाच घेते. म्हणून ही वाट निवडली. ई-बाइक भाड्याने घेतली आणि तुलूझहून दोन दिवस रमतगमत निघालो. दुसऱ्या दिवशी डांबर संपलं. शंभरेक मीटर गेल्यावर सुट्या खडीत तिचं पुढचं चाक सरकलं. पडली नाही, पण उतरली, हँडल घट्ट धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तू जाऊन ये पुढे, मी इथे सावलीत बसते."

नोरूझ तिथून जेमतेम काही किमीवर होतं. कालव्याचा सगळ्यात उंच टप्पा, १८९ मीटर. काळ्या डोंगरातून चर खणून आणलेलं पाणी तिथे कालव्यात पडतं आणि दोन्ही अंगांना वाहतं, एकीकडे अटलांटिककडे, दुसरीकडे भूमध्य समुद्राकडे. आई खास ते बघायला आली होती. मी एकटी गेले, फोटो काढले, परत आले. मोटारींची ज्यांना सगळ्यात जास्त भीती वाटते त्यांच्यासाठीच वाहनमुक्त वाटेचं मोल सगळ्यात मोठं, आणि नेमकी त्यांच्यासाठीच ती बंद व्हावी, हे मला पटत नाही.

पेडलकाका:
नीलमोहरताई, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण डांबराने हा प्रश्न किती दिवस सुटेल? काठावर प्लेनची झाडं आहेत, आपल्या चिनारच्या कुळातली. त्यांच्या मुळांनी काठ धरून ठेवला आहे. वर डांबर घातलं की मुळं ते फोडून वर येणारच. मग खडीपेक्षा वाईट अवस्था: कडक, उंचवटे आलेला, भेगाळलेला रस्ता. त्रेब गावाच्या पुढे मुळं वाटेवर कशी आडवी आलेली आहेत ते चाकोरींनी पाहिलं असेल. मातीत ती निदान दिसतात तरी.

दुसरं म्हणजे सावली. २००६ मध्ये या झाडांवर बुरशीचा रोग सापडला. सुमारे ४२,००० झाडांपैकी हजारो तोडून जागच्या जागी जाळावी लागली. आता तुर्की ओक आणि इतर जातींची रोपं लावताहेत, पण ती मोठी व्हायला आपलं आयुष्य जाईल. उघड्या काठावर जुलैच्या उन्हात काळं डांबर किती तापेल, विचार करा.

आणि तिसरं, हा कालवा १९९६ पासून जागतिक वारसा आहे. पिएर-पोल रिकेने १६६६ मध्ये काम सुरू केलं, १६८० मध्ये तो वारला, पुढच्या वर्षी कालवा खुला झाला. साडेतीनशे वर्षांचं काम आहे. ते आहे तसं ठेवावं.

रानवारा:
काका, मुळांचा मुद्दा मान्य, सावलीचाही मान्य. "आहे तसं ठेवावं" हे मात्र अजिबात मान्य नाही, कारण हा कालवा आहे तसा कधीच नव्हता. रिकेनंतर काही वर्षांतच वोबां या लष्करी अभियंत्याने नद्यांवरून जाणारे नवे जलसेतू बांधायला लावले, कारण पुराचं पाणी आणि गाळ थेट कालव्यात येत होता. कार्कासोन शहर मूळ मार्गात नव्हतंच. कालवा वळवून शहरापाशी आणला तो १८१० मध्ये. आणि ज्या झाडांसाठी आपण हळहळतो, त्यांची बहुतेक लागवड १९व्या शतकातली. रिकेने ही सावली पाहिलेलीच नाही.

या वाटेवरून घोडे होड्या ओढत. ती कामाची वाट होती. घोडा घसरला तर माल अडकायचा, म्हणून तिची निगा राखली जायची. आज तिच्यात खड्डे आहेत ते रिकेने ठेवलेले नाहीत. घोडे गेले, मालवाहतूक गेली, आणि निगाही गेली.

चाकोरी:
रानवारा, वारशाच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. मी स्वतः तो मुद्दा काढला नव्हता आणि काढणारही नाही. माझं म्हणणं वेगापुरतं आहे. डांबर आलं की रोज दीडशे किमी मारणारे येतात, घंटी वाजवत, गटाने. मग त्याच काठावर चालणारी म्हातारी माणसं, गळ टाकून बसलेले लोक आणि लहान मुलं अंग चोरून उभी राहतात. मोटारी नाहीत म्हणून वाट निवांत, असं होत नाही.

नीलमोहर:
हे खरं आहे. तुलूझ सोडताना आम्ही ते भोगलं, दोनदा आईला बाजूला व्हावं लागलं. तरी त्या डांबरावर ती दोन दिवस सायकल चालवत होती, आणि तुमच्या निवांत खडीवर शंभर मीटर. हळू जायचं की जोरात, हे ठरवायची मुभा धडधाकट माणसाला असते. तिला पर्यायच नव्हता.

अंगूरलता:
मी बेझिएजवळ राहते, या वाटेवर आठवड्यातून दोन-तीनदा असते. तुम्ही दोघं टोकाचं बोलताय. मधला मार्ग आहे आणि इथे बऱ्याच ठिकाणी वापरलाही जातो: चुनखडीची बारीक चुरी पसरून, पाणी मारून, रोलरने दाबून घट्ट बसवायची. रंग पांढुरका, फार तापत नाही. व्हीलचेअर चालते, बाबागाडी चालते, आणि मुळं वर आली तर तेवढाच तुकडा उकरून दुरुस्त करता येतो.

पेडलकाका:
आणि दोन हिवाळ्यांनी? जोराच्या पावसात चुरी वाहून कालव्यात जाते, उताराच्या बाजूला चर पडतात. मळ्यात जाणारा ट्रॅक्टर ओल्यात एकदा वळला की काम संपलं. मग चिकणमाती वर येते आणि टायर व फ्रेमच्या मध्ये अशी बसते की चाक फिरत नाही. मी काटकीने चिखल काढत बसलोय तिथे. ती वाट दरवर्षी डागडुजी मागते.

अंगूरलता:
मागते ना. द्राक्षाचा मळासुद्धा दरवर्षी छाटणी मागतो, म्हणून कोणी वेल उपटून काँक्रीट ओतत नाही. माझ्या मते भांडायचं असेल तर डागडुजीच्या पैशासाठी भांडावं. बेझिएच्या अलीकडे ५४ किमीचा एक सलग टप्पा आहे, त्यात एकही लॉक, म्हणजे होड्या वर-खाली नेणारं दारांचं टाकं, नाही. कालवा डोंगराच्या कडेकडेने वळत जातो, मग मालपासच्या बोगद्यातून टेकडी पार करतो. रोलर फिरवायला याहून सपाट जागा कुठे मिळणार? एवढा एक टप्पा नीट राखून दाखवला तर बाकीच्यांचं तोंड बंद होईल.

रानवारा:
सपाट खरी, पण सेर्स वाऱ्याचं विसरू नका. तो पाठीशी असला की समुद्राकडे कोणीही उडत जाईल. उलट दिशेने निघालं तर दाबलेल्या चुरीवरही आठचा वेग निघत नाही. ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी तुलूझकडून समुद्राकडे जावं, इतकंच सांगतो.

पेडलकाका:
नीलमोहरताई, वाद राहू दे बाजूला. आईंच्या सायकलचे टायर किती रुंदीचे होते? भाड्याच्या शहरी ई-बाइकला बहुधा अरुंद, गुळगुळीत टायर असतात आणि हवा टणक भरलेली. त्यावर सुटी खडी म्हणजे गोट्यांवर चालणं. पन्नास मिमीचे टायर मागून घ्या, हवा निम्म्याच्या आसपास आणा, मोटरचा जोर सगळ्यात कमी ठेवा. पुढचा ब्रेक खडीत दाबायचा नाही, हे आधी एखाद्या मैदानात सवयीचं करून घ्या.

नीलमोहर:
काका, टायर अरुंदच होते, आता तुम्ही म्हणालात तेव्हा लक्षात आलं. दुकानात कोणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. आई आता सत्तरीची झाली. येत्या मे महिन्यात रुंद टायर लावून तिला पुन्हा नेते, नोरूझपर्यंतच. अंगूरलता, त्या पट्ट्यावर सध्या चुरी दाबलेली आहे की अजून सुटी खडीच आहे, हे जवळच्या कोणाला विचारून सांगाल का? माझं मत बदललेलं नाही, पण तिकीट काढायच्या आधी एवढं कळायला हवं.