केंद्राचा निधी थेट आमच्या बोळासाठी मागता येतो का? (जुनं नाशिक)

बोळातला_मामा
मंडळी, प्रश्न बावळट वाटेल, पण विचारतोच. राहतो जुन्या नाशकात, भद्रकालीच्या अंगाला, एका वाड्यात. बोळ एवढा की दोन ॲक्टिव्हा समोरासमोर आल्या की एकीला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. बोळाच्या तोंडाशी गटाराचा ढापा फुटलाय. त्यावर कुणीतरी जुन्या दाराची फळी टाकली आहे, कडी-कोयंड्यासकट. जोराचा पाऊस झाला की ती फळी तरंगत आमच्या उंबऱ्याशी येते. मी ती नेऊन पुन्हा जागेवर ठेवतो. तीन पावसाळे हेच चाललंय.

भाचा ओहायोत असतो. म्हणाला, "मामा, इकडे फेडरल ग्रँटमधून अख्ख्या वस्त्या सुधारतात, तुम्हीही अर्ज करा." कुठे करू म्हटलं, तर गप्प. मागे एका कार्यालयात गेलो होतो, तिथे म्हणाले नगरसेवकाला भेटा. तेव्हा नगरसेवकच नव्हते, मार्च 2022 पासून प्रशासक होता! तर दिल्लीचा पैसा आमच्या फळीपर्यंत यायला काही वाट आहे का? आणि वाड्याची फुगलेली भिंत त्यात बसेल का?

निवृत्त_जेई
काका, गल्लीने अर्ज करायचा आणि दिल्लीने पैसे धाडायचे अशी खिडकी आपल्याकडे नाही. केंद्राचा पैसा महापालिकेकडे येतो, तोही कशावर खर्च करायचा ते ठरवूनच. 15 व्या वित्त आयोगाचं बघा, 2021 ते 26 चं. दहा लाखांवरच्या शहरांत नाशिक येतं, आणि या शहरांचं अनुदान हवेची गुणवत्ता, पाणी आणि घनकचरा यांना बांधलेलं होतं. स्मार्ट सिटीत गावठाण होतं खरं. नाशिकची निवड 2016 ची, केंद्राचा वाटा शहरामागे 500 कोटी, पण ते मिशन मार्च 2025 ला आटोपलं.

खासदार निधी वर्षाला 5 कोटी. खासदार फक्त शिफारस करतात, मंजुरी जिल्हा प्रशासनाची. काम सार्वजनिक जागेवरचं आणि टिकाऊ लागतं. अख्ख्या बोळाचं गटार नव्याने बांधायचं असेल तर ही वाट धरा. फुटलेला ढापा बदलायला मात्र दिल्ली कशाला हवी? ते देखभालीचं काम, महापालिकेच्या तुमच्या विभागाच्या कार्यालयात द्यायचं. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

गोदाकाठची_परदेशी
भाचेबुवा म्हणतायत ते सीडीबीजी, म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट, 1974 च्या कायद्यातलं. पण अर्धंच सांगितलंय त्यांनी. इथे अमेरिकेतही गल्लीला कुणी चेक देत नाही. साधारण 50 हजारांवरच्या शहरांना दरवर्षी सूत्रानुसार रक्कम मिळते, आणि शहराने आधी आराखडा करून 'हड' (HUD) या घरबांधणी-नगरविकासाच्या केंद्रीय खात्याला द्यावा लागतो. निदान 70 टक्के पैसा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे. रस्ता-गटारासारखं काम असेल तर सहसा त्या भागातले 51 टक्के रहिवासी त्या गटातले असावे लागतात.

आराखड्याआधी जाहीर सुनावणी सक्तीची. मी आमच्या गावच्या एका सुनावणीला गेले होते. हॉलमध्ये जेमतेम नऊ डोकी. एक आजी फुटक्या फुटपाथचा फोटो छापून घेऊन आलेल्या. भिंतीवर उत्पन्नाचा नकाशा लावलेला, त्यात आजींची गल्ली रेषेच्या पलीकडे निघाली. आजींनी फोटो घडी घालून पर्समध्ये ठेवला, कॉफी मात्र पूर्ण प्यायल्या.

तुमच्या भिंतीबाबत मात्र इथलं बरं आहे. गरीब घरमालकाचं छप्पर, भिंत या पैशातून दुरुस्त करता येतं.

सराफबाजार_७७
सिंहस्थाचा पैसा येतोय की! त्यात ढकला.

निवृत्त_जेई
साधूंची मिरवणूक काकांच्या बोळातून जाणार असेल तर ढकलू.
भिंतीचं: खासगी वाड्यावर खासदार निधी चालत नाही. पंतप्रधान आवास, शहरी 2.0 मध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधायला अडीच लाखांपर्यंत मदत आहे, पण जागा आपल्या नावावर हवी. प्रॉपर्टी कार्डावर कोण आहे?

बोळातला_मामा
कार्डावर अकरा नावं. त्यातली चार वारली, एक इंदूरला. आमचं नाव कुठेच नाही, आम्ही आजोबांपासूनचे भाडेकरू. महिना चौदा रुपये, आणि तेही घ्यायला कुणी येत नाही. म्हणजे भिंतीचा विषय संपला. तिला बांबूचा टेकू दिलाय, तोच राहू दे.

ढाप्यासाठी मात्र उद्याच जातो. बायको म्हणते, फोटो फळी तरंगत असतानाचा काढा. तर पाऊस पडेपर्यंत थांबू का? आणि माप काय लिहू? फळी पाच फूट दोन इंच भरली.

निवृत्त_जेई
थांबू नका. आणि माप फळीचं नको काका, गटाराचं लिहा.